काटा सिग्नलला चढतो की हायवेला?

जुन्या गाडीत दांडगं इंजिन बसवलं आणि ती तापायला लागली, की सल्ला ठरलेला असतो : "मोठा रेडिएटर टाक." मग मोठा रेडिएटर येतो, तो बसवायला पुढचा पत्रा कापला जातो आणि पहिल्याच लांब सिग्नलला काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे निघतो. माझा प्रश्न वेगळा असतो. काटा चढतो कधी, उभ्या गाडीत की पळत्या?

त्याआधी काटा खरं बोलतोय का, ते बघायचं. नव्या इंजिनाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवरचं जुनं गेज यांचं गणित जुळत नसेल, तर ८५ अंशांवर आरामात चालणारं इंजिनही लाल दिसतं. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणाऱ्या झडपेच्या) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला की दोन मिनिटांत उलगडा होतो.

आता थोडा हिशोब. पेट्रोलच्या ऊर्जेचे ढोबळ मानाने तीन वाटे पडतात : एक चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर, तिसरा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात. इंजिन २० किलोवॅट, म्हणजे साधारण २७ अश्वशक्ती देत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची असते. २ किलोवॅटचे दहा गीझर एकदम चालू आहेत असं समजा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. त्यामुळे रेडिएटरमध्ये पाणी ८ अंशांनी निवत असेल, तर सेकंदाला ०.६ लिटर पाणी फिरलं की भागतं. हवेचं तसं नाही. ती ३० अंशांनी तापू दिली तरी तेवढीच उष्णता न्यायला सेकंदाला साडेपाचशे लिटरांहून जास्त हवा लागते. तांब्याभर पाण्यामागे एवढी हवा! घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

गाडी पळत असली की ही हवा फुकट मिळते. सिग्नलला इंजिन कमी उष्णता देतं हे खरं, पण हवा आणायला एकटा फॅन उरतो. मूळ गाडीत पट्ट्यावर फिरणारा मोठा फॅन आणि त्याभोवती पत्र्याचं कवच, म्हणजे श्राउड असायचा. नवं इंजिन लांबीला जास्त भरतं, जागा उरत नाही, म्हणून एक पातळ इलेक्ट्रिक फॅन थेट जाळीला आवळतात. तो आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. कोपरे नुसते शोभेला!

एका मित्राच्या गाडीत आम्ही वहीचा कागद घेऊन हे तपासलं. फॅन चालू ठेवून कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरला, तर मधोमध तो घट्ट चिकटला आणि चारही कोपऱ्यांत गळून पडला. शिवाय बाजूच्या फटींतून इंजिनाकडची गरम हवा वळसा घेऊन परत पुढे येत होती, म्हणजे रेडिएटर स्वतःचाच उच्छ्वास घेत होता. पत्र्याचा श्राउड ठोकला, फटींत रबरी पट्टी भरली, फॅनची बारीक वायर बदलून जाड टाकली, कारण वाटेतच व्होल्टेज पडत होतं. रेडिएटर तोच राहिला, पण काटा थांबला. (तारा उलट्या जोडल्याने फॅन हवा पुढे ढकलत असल्याचंही पाहिलंय. हसू नका, हे सहज होतं.)

हायवेला तापणाऱ्या गाडीत हवा नाही, पाणी संशयित. रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजलेल्या असतात, पंपाचा पट्टा घसरत असतो किंवा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, मऊ पडलेला असतो. बॉनेट उघडून इंजिन रेस करा आणि त्या होजकडे बघा. पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल, तर चोर सापडला. ब्लॉकमधला, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या धडातला गंज आणि क्षारांचा थर मात्र बाहेरून दिसत नाही. क्षारांतून उष्णता बिडाच्या मानाने फारच सावकाश जाते, त्यामुळे मिलिमीटरभर थरसुद्धा पुष्कळ नडतो.

"थर्मोस्टॅट काढून टाक" हा दुसरा लाडका सल्ला. त्याच्या उलट बाजूचे लोक म्हणतात, तो काढला की पाणी इतकं जोरात फिरतं की त्याला निवायला वेळच मिळत नाही. हेही चूक. पाणी एका फेरीत कमी वेळ थांबत असलं, तरी फेऱ्या तितक्याच वाढतात आणि वेगाने उष्णता उलट जास्त सुटते. थर्मोस्टॅट काढल्यावर काही इंजिनं खरोखर जास्त तापतात, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्यांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात शिरतं.

काही इंजिनं जन्मतःच तापट. फोर्डच्या १९३२ सालच्या फ्लॅटहेड व्ही-८ मध्ये धगधगता एक्झॉस्ट, म्हणजे जळालेला वायू, ब्लॉकच्या पोटातून, पाण्याला खेटून बाहेर पडायचा. पाण्याचे पंपही सुरुवातीला वर, हेडवर (ब्लॉकला वरून झाकणाऱ्या भागावर) होते आणि तापलेलं पाणी ओढायचे. १९३७ मध्ये ते खाली ब्लॉकवर आले आणि निवलेलं पाणी आत ढकलू लागले.

एक्झॉस्टची हीच धग आपण स्वतःच्या हातानेही वाढवून ठेवतो. स्पार्क उशिरा पडला की मिश्रण पिस्टन खाली जातानाही जळत राहतं, एक्झॉस्ट जास्त गरम होतो आणि त्याची वाट हेडमधल्या पाण्यातूनच जाते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून स्पार्क आणखी लवकर लागतो. ते काम व्हॅक्यूम अॅडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर चालणारी छोटी डबी करते. कार्ब्युरेटर बदलताना नेमकी तिचीच नळी लावायची राहते. सिग्नलला तापणाऱ्या गाडीत श्राउडनंतर मी आधी ही नळी शोधतो.

एवढं करूनही गाडी उकळत असेल, तर सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. गरम असताना झाकणाला हातही लावू नका, दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि दाब सुटताच अंगावर उसळतं. पाण्यात अडकलेली हवा थोड्या बुडबुड्यांनी निघून जाते. बुडबुडे थांबतच नसतील, तर बहुधा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली पातळ पट्टी) फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. मग हेड खोलावंच लागतं.