वीज गेली म्हणून वाचलेला सर्व्हर

जून २०१७. मर्स्क या डेन्मार्कच्या बलाढ्य जहाज कंपनीतल्या संगणकांचे पडदे एका सायबर हल्ल्यात एकामागून एक काळे पडत गेले. कोणाला कशात लॉगिन करता येतं याची नोंद ठेवणारे तिचे जवळपास दीडशे सर्व्हर होते आणि प्रत्येकाकडे बाकीच्यांची नक्कल होती. एक गेला तर दुसरे आहेतच, असा हिशेब. सगळे एका झटक्यात जातील हे कुणी धरलंच नव्हतं. वाचला तो फक्त घानामधला, तोही कुणाच्या हुशारीने नाही. तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कबाहेर होता!

पुढच्या दहा दिवसांत कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. फटका बसला २५ ते ३० कोटी डॉलरचा. पडद्यावर मागितलेली खंडणी होती दर संगणकामागे ३०० डॉलर. ती भरूनही काही मिळालं नसतं, कारण हल्ला करणारा नॉटपेट्या नावाचा तो प्रोग्राम म्हणजे रॅन्समवेअरचं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचं, नुसतं सोंग होतं; फायली परत देण्याची सोयच त्यात नव्हती.

खऱ्या रॅन्समवेअरमध्ये ती असते. फायली एका झटपट चालणाऱ्या किल्लीने बंद होतात, आणि ती किल्ली दुसऱ्या कुलपात जाते. हे दुसरं कुलूप लावायला एक किल्ली लागते, उघडायला वेगळीच, आणि उघडणारी किल्ली हल्लेखोराकडे असते. त्यामुळे कुलूप नीट बसवलेलं असेल, तर निष्णात तज्ज्ञही हात टेकतो.

मग पैसे देऊन मोकळं व्हावं? अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीने अशाच हल्ल्यानंतर २०२१ मध्ये ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. फायली उघडायला मिळालेलं साधन इतकं रडतखडत चालत होतं की कंपनीला आपल्याच बॅकअपकडे वळावं लागलं. चोर शिरला होता एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या वाटेने. त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणीच नव्हती.

तेव्हा ओटीपीसारखी दुसरी पडताळणी आणि वेळच्या वेळी अपडेट हवेतच. पण माझ्या मते पहिला खर्च बॅकअपवर करावा. हल्लेखोर आत आल्यावर बरेचदा गुपचूप फिरतो आणि आधी बॅकअपच शोधतो. म्हणून निदान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी: घानाला नशिबाने मिळालं ते ठरवून करायचं. आणि ती प्रत अधूनमधून खरोखर चढवून पाहायची, घड्याळ लावून. धंदा किती दिवस बंद राहील याचा अंदाज त्यातूनच येतो. चोरलेला डेटा जाहीर करण्याच्या धमकीवर मात्र बॅकअपचा इलाज चालत नाही.

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर २०१९ मध्ये हल्ला झाला. तिने खंडणी दिली नाही, बॅकअपमधून यंत्रणा उभी केली. तोवर अनेक कारखान्यांत कामगार कागदावरच्या ऑर्डरी वाचून हाताने यंत्रं चालवत होते, आणि मुख्यालयाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर सूचना होती: नेटवर्कला काहीही जोडू नका.