रिपीटर म्हणजे रिले नव्हे

हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या लायसन्सवाल्या वायरलेसवर, परवा परत एकानी विचारलं, रिपीटर बंद पडला तर लांबचा मेसेज जाणार कसा? अहो, रिपीटर आणि रिले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुने लायसन्सवालेही हा घोळ घालतात त्याचा मला खरंच त्रास होतो.

रिपीटर तुम्हाला माहितीच आहे. डोंगरावरचं मशीन, टू मीटरवर (जवळपासच्या बोलण्याचा व्हीएचएफ बँड) एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं, ६०० किलोहर्ट्झ सोडून दुसरीवर त्याच क्षणी बोलतं, हातातल्या छोट्या सेटचा, हँडीचा, आवाज डोंगरापलीकडे जातो. झालं.

रिले माणूस करतो. १९१४ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या हिरम पर्सी मॅक्सिम या हॅमना जेमतेम ४० किलोमीटरवरचं स्प्रिंगफील्ड लागेना, मधल्या विंडसर लॉक्सच्या हॅमनी निरोप पुढे दिला, आणि त्यातूनच अमेरिकन रेडिओ रिले लीग ही हॅमची संघटना उभी राहिली. एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर, तर उलटी गंमत, त्यातल्या वीस मीटर बँडवर २०० किलोमीटरवरचा ऐकू येत नाही पण हजारावरच्याला दोघंही स्वच्छ ऐकू येतात, मग तोच म्हणतो, क्यूएसपी करतो, म्हणजे निरोप मी पुढे देतो. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून हॅम भारती प्रसाद यांनी हजार किलोमीटरहून लांब मुख्य भूमीवर निरोप पाठवले ते एचएफवरूनच, तिथे टू मीटरचा रिपीटर काय करणार?

आता खरी मेख. मशीनला मजकुराशी देणंघेणं नाही, माणसाला मात्र तो शब्दन् शब्द तसाच पुढे द्यायचा असतो, म्हणून रेडिओग्रामवर, म्हणजे निरोपाच्या ठरलेल्या फॉर्मवर, नंबर, निकड, मूळ स्टेशन यांच्यासोबत 'चेक' असतो, म्हणजे मजकुरातले शब्द किती. समजा निरोप आहे, 'बाबा दवाखान्यात नाहीत मामाकडे सुखरूप आहेत'. चेक सहा. तुमच्या कागदावर पाचच भरले तर रॉजर, म्हणजे 'सगळं मिळालं', म्हणायचं नाही, परत विचारायचं, कारण पडलेला शब्द 'नाहीत' असेल तर घरचे रात्रभर दवाखाने शोधत फिरतील. चार हात बदलले की हे सहज होतं.

आणि ते 'थोडक्यात सांगतो' म्हणणारे! कृपा करून थोडक्यात सांगू नका. निरोप तुमचा नाही, त्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा तुमची नाही. मूळ स्टेशननीच मोजायला चूक केली असेल तरी जुना आकडा खोडायचा नाही, देणाऱ्याशी पक्कं करायचं, जुन्या आकड्यापुढे तिरकी रेघ मारून बरोबर आकडा लिहायचा आणि दोन्ही पुढे द्यायचे.