शंभर टक्क्यांचा छेद

दहावीचा निकाल लागला की आठवड्याच्या आत शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. वर संस्थापकांचा फोटो, खाली पासपोर्ट आकाराच्या फोटोंच्या तीन-चार ओळी, प्रत्येक फोटोखाली टक्के आणि मधोमध ठळक लाल अक्षरांत ‘निकाल १०० टक्के’. मुलाला पाचवीत किंवा आठवीत कुठल्या माध्यमिक शाळेत घालायचं, हे महाराष्ट्रातली असंख्य घरं याच फ्लेक्सकडे बघून ठरवतात. एस.टी.ची वेळ, सेमी इंग्रजीची तुकडी, मुलींसाठी धड स्वच्छतागृह, गणिताच्या बाई कायम आहेत की तासिकेवर, या गोष्टी नंतर येतात, कधी येतच नाहीत. टक्केवारी एकटीच शाळेची मोजपट्टी होऊन बसली आहे. ती नेमकं काय मोजते, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

निकालावरून शाळा जोखण्याची सवय इंग्रजी अमदानीतली. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट उघडली. पुढे मुंबई इलाख्यात हे अनुदान निकालाला बांधलं गेलं. निरीक्षक यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा आणि किती मुलं उतरली त्यावर शाळेची रक्कम ठरायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मागे पडली. मॅट्रिक तर १८५९ पासून विद्यापीठाची परीक्षा, म्हणजे कॉलेजच्या दारातली चाळणी. शाळा कशी आहे हे सांगण्याचं काम तिच्याकडे कोणी दिलंच नव्हतं. १९४९ मध्ये एस.एस.सी. आली, १९६६ मध्ये राज्याचं मंडळ उभं राहिलं, १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. चाळणी तीच राहिली, फक्त तिचं माप घरोघरी शाळेचा दर्जा म्हणून वाचलं जाऊ लागलं.

आणखी एक गोंधळ शब्दाचा आहे. माध्यमिकच्या बाबतीत ‘सरकारी शाळा’ म्हणायचं तरी कोणाला? जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत फार तर सातवी-आठवीला संपते. पुढचे वर्ग प्रामुख्याने शिक्षणसंस्थांच्या अनुदानित शाळा चालवतात. संस्था खाजगी, इमारत संस्थेची, पगार मात्र सरकारी तिजोरीतून, आणि नोकरीचे नियम १९७७ च्या कायद्याने व १९८१ च्या नियमावलीने बांधलेले. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण आलं. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द गळला आणि या शाळा अनुदानाला पात्र आहेत का हे ठरवण्यासाठी त्यांचं ‘मूल्यांकन’ सुरू झालं. २०१६ मध्ये पात्र शाळांना पहिला २० टक्क्यांचा टप्पा मिळाला. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत ‘आपलं मूल्यांकन झालं का?’ या प्रश्नाचा अर्थ ‘पगार सुरू होणार का?’ असाच असे. पंधरा वर्षं फुकट शिकवलेल्या माणसाच्या तोंडी तो प्रश्न होता, त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण पालक ज्याला शाळेचं मूल्यमापन समजतात आणि शासन ज्याला मूल्यांकन म्हणतं, त्या दोन गोष्टी तेव्हापासूनच वेगळ्या चालत आल्या.

आता मुख्य गोष्टीकडे. २००८, २००९ आणि २०१० अशी ओळीने तीन वर्षं अकरावीच्या प्रवेशांवरून न्यायालयात भांडणं झाली. मूळ दुखणं एकच होतं. राज्य मंडळाच्या मुलांचे टक्के इतर मंडळांच्या मुलांपेक्षा कमी पडतात आणि नावाजलेल्या कॉलेजांत ती मागे राहतात. वेगवेगळ्या मंडळांचे टक्के एका मापात आणणारं २००८ चं पर्सेंटाइल सूत्र उच्च न्यायालयात टिकलं नाही, राज्य मंडळाच्या मुलांना नव्वद टक्के जागा राखणारा २००९ चा ९०:१० चा कोटाही टिकला नाही. २०१० चा ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ उच्च न्यायालयाने रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयात तो तरला. सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे टक्के धरायचे, असा तो निर्णय. मुलांच्या दृष्टीने तो गैर नव्हता. मात्र त्या दिवसापासून फ्लेक्सवरचा टक्का म्हणजे मुलाच्या एकूण अभ्यासाचा टक्का राहिला नाही, एक विषय त्यातून गळालेला होता. खेळाचे आणि कलेचे सवलतीचे गुणही त्यात मिसळतात, ते वेगळेच.

त्याहून मोठा खेळ वीस गुणांचा. २०१८ पर्यंत भाषांना आणि सामाजिक शास्त्रांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण तोंडी किंवा अंतर्गत, अशी विभागणी होती. उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून ३५ लागायचे. शाळेने वीसपैकी वीस दिले की ऐंशीच्या पेपरात १५ मिळवून मुलगा पास. हे गणित प्रत्येक शिक्षकाला पाठ होतं.

मी स्वतः मराठीची तोंडी घेतली आहे. फेब्रुवारीतली दुपार, प्रयोगशाळेचा एक कोपरा, समोर गुणांचा तक्ता आणि हातात पेन्सिल. एक मुलगी प्रकटवाचनात ‘क्षितिज’वर तीनदा अडखळली, मग तिला दम लागला. मी १४ लिहिले. तिच्यानंतरचा मुलगा शुद्धलेखनात कायम मार खाणारा, पण त्याला कांद्याच्या चाळीबद्दल बोल म्हटल्यावर पाच मिनिटं थांबला नाही. चाळ कशी बांधतात, वारा कुठल्या बाजूने आला पाहिजे, कुजका कांदा वासावरून कसा ओळखतात. त्याला मी १९ दिले आणि आजही देईन. लेखी पेपरला त्या मुलाची भाषा कधीच दिसली नसती. संध्याकाळी निरोप आला, अठराच्या खाली कोणाला नको. मी खोडरबर घेतलं आणि १४ चे १८ केले. कांद्याच्या चाळीवाल्याचे १९ आणि तिचे १८ शेजारी शेजारी बसले आणि दोघांच्या गुणांना काही अर्थ उरला नाही. ती शाळा वाईट नव्हती. आजूबाजूच्या शाळाही तेच करत होत्या, आणि एकट्याने न करणं म्हणजे आपल्याच मुलांचं नुकसान.

२०१८-१९ ला दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे हे वीस गुण काढून टाकण्यात आले. गणित आणि विज्ञानाचे राहिले. ८ जून २०१९ ला निकाल लागला. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. नागपूर विभाग ६७.२७ वर घसरला. नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली मुलं ६३,३३१ वरून २८,५१६ झाली. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे १२५ चे २० झाले, त्यातले सोळा एकट्या लातूर विभागातले. शंभर टक्के निकालाच्या शाळा ४,०२८ होत्या, त्या १,७९४ उरल्या. प्रश्नपत्रिकेच्या जागी आलेली कृतिपत्रिकाही नवीन होती, त्यामुळे सगळी घसरण वीस गुणांच्या माथी मारणं बरोबर नाही. तरी बराचसा भार तिथेच होता.

त्या उन्हाळ्यात दोन बाजू पडल्या. एक म्हणत होती, फुगवटा गेला आणि खरा निकाल दिसला. दुसरी म्हणत होती, इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग आमच्याच मुलांना उपाशी का ठेवता? दुसरी बाजू प्रवेशापुरती खरी होती आणि तीच जिंकली. २०१९-२० पासून वीस गुण परत आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्क्यांच्या शाळा ८,३६० झाल्या.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर देतो आहे. शाळा त्याच, शिक्षक तेच, फळे-बाकं तीच. तीन वर्षांत शंभर टक्क्यांच्या शाळा आधी निम्म्याहून खाली आल्या आणि मग चौपटीहून वर गेल्या. शाळांचं शिकवणं एवढ्या वेगाने बिघडत नाही आणि सुधारतही नाही. बदलला होता तो गुणांचा नियम. माझ्या मते वीस गुण काढणं ही चूक होती आणि जसेच्या तसे परत देणं ही दुसरी. तोंडी परीक्षा हवीच, पण ती शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने घ्यायला हवी होती. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला बहिःस्थ परीक्षक चालतो, तर मराठीला का चालू नये? त्या चर्चेत हा प्रश्न फार कोणी लावून धरला नाही.

२०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी परीक्षांना ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०, असं सूत्र ठरलं आणि निकाल ९९.९५ टक्के. कोकण विभाग पूर्ण शंभर. त्यानंतर २०२२ ला ९६.९४, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१, २०२५ ला ९४.१०. सगळेच निकाल नव्वदीच्या वर असताना या आकड्यावरून शाळाशाळांतला फरक कसा दिसणार?

इथे छेदाचा प्रश्न येतो. टक्का काढताना वर पास झालेली मुलं असतात आणि खाली परीक्षेला बसलेली. खालचा आकडा कमी केला तरी टक्का वाढतो. शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवता येत नव्हतं, म्हणून नववी हा पहिला बांध झाला. आणि नववीत अडकलेल्या मुलासाठी १७ नंबरचा फॉर्म तयार होता.

हा फॉर्म मुळात शाळा सुटलेल्यांना खाजगीरीत्या दहावीला बसता यावं यासाठी आहे. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा मुलगा, लग्न होऊन गेलेली मुलगी, पोलीस भरतीसाठी दहावी हवी असलेला तरुण, यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण मंडळ नियमित आणि खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगवेगळा धरतं, आणि हे लक्षात आल्यावर फॉर्मचा दुसरा उपयोग सुरू झाला. एप्रिलअखेर वडिलांना बोलावलं जातं. ‘दादा, पोरगा नववीत नापास होतोय. वर्ष वाया घालवण्यापेक्षा सतरा नंबरने बसवा, आम्हीच फॉर्म भरून देतो.’ शाळेच्या बाकावर कधीच न बसलेला बाप मान डोलावतो. त्याला वाटतं, शाळेने उपकार केले. मुलगा शाळेच्या पटावरून उतरतो, वर्गात बसणं संपतं, आणि पुढच्या वर्षी तो पास झाला काय, नापास झाला काय, फ्लेक्सवरच्या आकड्याला त्याचा धक्का लागत नाही. सगळ्या शाळा हे करत नाहीत. अशक्त मुलांना दहावीपर्यंत नेऊन ८८ टक्के निकाल लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या मुख्याध्यापकांना पालकसभेत खाली मान घालून उभं राहिलेलंही पाहिलं आहे.

शाळा मोजण्याचे दुसरे प्रयत्न झाले, ते थोडक्यात सांगण्यासारखे. २०१५-१६ पासून ‘शाळासिद्धी’ आली, सात क्षेत्रं आणि ४६ मानकं. २०२४ मध्ये त्याजागी १२८ मानकांचा नवा आराखडा आला. दोन्हींची सुरुवात शाळेने स्वतःच भरायच्या माहितीपासून. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस ठेवलं गेलं आणि त्या काळात भिंती रंगल्या, बागा फुलल्या. भिंत रंगवणं वाईट नाही. पण मे २०१२ पासून शिक्षकभरतीवर बंदी होती, आणि पवित्र पोर्टलवरून जागा भरायला लागल्या तरी मधली वर्षं अनेक शाळांत इतिहासाच्या सरांनी भूगोल आणि हिंदीच्या बाईंनी मराठी सांभाळत काढली. हे एकाही फ्लेक्सवर दिसत नाही. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या निर्णयाने तर नववी-दहावीला वीसपेक्षा कमी पट असेल तिथे शिक्षकाचं पदच मंजूर न करण्याचं ठरवलं. डोंगरातल्या, तांड्यावरच्या घरासाठी शाळा ‘चांगली’ की ‘वाईट’ याआधी ती उरणार का, हा प्रश्न आहे.

पालकांना बघता येईल असा एक कागद मात्र आहे. युडायस या सरकारी नोंदणीत शाळा दरवर्षी आपली माहिती भरते आणि शाळेच्या अहवालपत्रात वर्गवार पट दिसतो. एका वर्षीचा नववीचा पट घ्यायचा आणि पुढच्या वर्षीचा दहावीचा त्याच्या शेजारी ठेवायचा. नववीत ६२ आणि दहावीत ५९ असतील, तर तीन मुलं बदलीने, स्थलांतराने, लग्नाने गेली असतील. नववीत ६२ आणि दहावीत ४४ असतील, तर मुख्याध्यापकांच्या समोरच्या खुर्चीत बसून त्या अठरा मुलांबद्दल विचारायला हवं.