नोकरी मिळाली, पण कोणत्या काउंटरवर?

नोव्हेंबर २०२४मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने विविधता आणि समावेशकतेच्या नावाने, म्हणजे स्त्रिया, कृष्णवर्णीय अशा मागे ठेवलेल्या गटांना नोकरीत वाव मिळावा म्हणून चालणारे आपले काही उपक्रम गुंडाळत असल्याचं सांगितलं. त्याआधी ट्रॅक्टर सप्लाय आणि लोव्ज या साखळ्यांनी तेच केलं होतं. जानेवारी २०२५मध्ये टार्गेटही त्यांच्यात सामील झाली. त्याच महिन्यात कॉस्टकोच्या भागधारकांनी मात्र अशा उपक्रमांचा धोका तपासायला सांगणारा ठराव ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला. या बातम्या वाचणाऱ्याला वाटेल, की २०२०मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या हातून जीव गेला, तिथून हा विषय सुरू झाला. अमेरिकेतल्या रिटेल धंद्यात तो त्याहून निदान ९० वर्षं जुना आहे. दुकानाच्या आत कोण कुठे उभं राहतं, यावरून तो पेटला होता आणि आजही मुद्दा तोच आहे.

बऱ्याच धंद्यांत भांडण होतं ते आत शिरण्याचं. मोठ्या दुकानांची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिपार्टमेंट स्टोअर्स उभी राहू लागली, तेव्हापासून तिथे बायका मोठ्या संख्येने होत्या. कृष्णवर्णीय माणसंही होती, पण ती लिफ्ट चालवत, झाडलोट करत, माल उचलत. गिऱ्हाइकाशी बोलायला गोरी व्यक्ती लागे. गोऱ्या बायकांनाही कपडे, सौंदर्यप्रसाधनं असे विभाग मिळत. जिथे एका विक्रीवर भरपूर सुटायचं, तिथे पुरुष असत. म्हणून एखाद्या दुकानात किती प्रकारची माणसं काम करतात, एवढ्यावरून फारसं कळत नाही.

१९३०च्या आसपास शिकागोत एक घोषणा घुमू लागली: जिथे तुम्हाला काम मिळत नाही, तिथे खरेदी करू नका. ती बाल्टिमोर, वॉशिंग्टन, न्यू यॉर्क अशी पसरत गेली. न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत १२५व्या रस्त्यावर ब्लमस्टाइन्स नावाचं मोठं दुकान होतं. गिऱ्हाइकं बहुतेक कृष्णवर्णीय, काउंटरवरच्या मुली मात्र गोऱ्या. १९३४च्या उन्हाळ्यात लोकांनी दारात निदर्शनं धरली आणि काही आठवड्यांत मालकाने कृष्णवर्णीय विक्रेत्या घ्यायचं कबूल केलं. मग चळवळीतच फूट पडली, कारण घेतलेल्या मुली उजळ वर्णाच्या होत्या, अशी निदर्शकांपैकी अनेकांची तक्रार होती. दार उघडल्यावर निवड कोण करतो आणि कशावरून करतो, हा प्रश्न तेव्हाच समोर आला होता. वॉशिंग्टनमधल्या अशाच निदर्शनांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सॅनिटरी ग्रोसरी या किराणा साखळीविरुद्धच्या त्या खटल्यात १९३८मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की नोकरीतल्या वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं हाही कामगार तंटाच आहे आणि अशा तंट्यातली शांततापूर्ण निदर्शनं मनाई हुकूम काढून थांबवता येणार नाहीत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची हकिकत सर्वांना माहीत आहे: १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना बसू देणाऱ्या खाद्यकाउंटरवर बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. तिची नोकरदारांची बाजू कमी सांगितली जाते. त्या काउंटरमागे राबणाऱ्यांत कृष्णवर्णीय बायका होत्या. तिथलं अन्न त्यांच्या हातचं, पण तिथल्या स्टुलावर बसून ते खायची मुभा त्यांना नव्हती. जुलैमध्ये दुकानाने माघार घेतली, तेव्हा त्या काउंटरवर बसून जेवलेली पहिली कृष्णवर्णीय माणसं दुकानातलेच नोकर होते.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वर्ण, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी केली. या कायद्याची अंमलबजावणी पाहणारा समान रोजगार संधी आयोग पुढच्या वर्षी कामाला लागला. खटला भरायचा अधिकार त्याला १९७२मध्ये मिळाला. पण मला या सगळ्यात एक रूक्ष कागद फार मोलाचा वाटतो. १९६६पासून शंभर किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या कंपन्यांना दरवर्षी एक तक्ता भरून द्यावा लागू लागला: कोणत्या दर्जाच्या कामावर किती पुरुष, किती स्त्रिया, कोणत्या वंशाचे. कोण कुठे उभं आहे, याची मोजदाद सरकारदरबारी पहिल्यांदाच देशभर होऊ लागली.

सीअर्सचा खटला अशा आकड्यांच्या जोरावरच उभा राहिला. सीअर्स, रोबक त्या काळी देशातली सर्वांत मोठी रिटेल कंपनी होती. आयोगाने १९७३मध्ये तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवली आणि १९७९मध्ये दावा लावला. वादाचा गाभा होता कमिशनवरची विक्री. फ्रिज, भट्ट्या, टायर, कुंपणं असा महाग माल विकणाऱ्याला विक्रीवर कमिशन मिळे आणि त्याची कमाई इतर काउंटरवरच्या ताशी पगारापेक्षा बरीच जास्त होई. या जागांवर बहुतेक पुरुष होते. निवड करणाऱ्यांच्या हाती जी चाचणी असे, तिच्यात तुमचा आवाज जाड आहे का, तुम्ही कधी शिकार केली आहे का, फुटबॉलच्या संघात खेळला आहात का, असे प्रश्न होते. टायर विकण्याशी त्यांचा काय संबंध, हे मला आजवर समजलेलं नाही.

कंपनीचं म्हणणं असं, की बायकांनाच या कामात रस नाही. त्यांना कमिशनची अनिश्चितता आणि चढाओढ नको असते. खटला दहा महिने चालला. स्त्रियांच्या इतिहासाच्या दोन अभ्यासक समोरासमोर साक्षीला आल्या. रोझलिंड रोझेनबर्ग कंपनीच्या बाजूने म्हणाल्या, की स्त्रियांची घडण आणि प्राधान्यं वेगळी असल्याने हा फरक पडू शकतो. ॲलिस केसलर-हॅरिस यांचं उत्तर होतं, की जी कामं खुली ठेवली जातात, त्यांतूनच आवड घडते. संधी मिळाली तेव्हा बायकांनी ती घेतली आहे. आयोगाने एकही पीडित स्त्री साक्षीला उभी केली नाही, सगळी भिस्त आकडेवारीवर ठेवली. १९८६मध्ये न्यायालयाने सीअर्सच्या बाजूने निकाल दिला आणि १९८८मध्ये अपिलात तो कायम झाला. माझ्या मते साक्षीदार न आणण्याची आयोगाची चूक फार महागात पडली. त्या जागेसाठी अर्ज करून नकार मिळालेली एखादी स्त्री न्यायाधीशांसमोर बोलली असती, तर ‘रस नाही’ हा बचाव इतक्या सहज टिकला नसता.

‘विविधता’ हा शब्द कंपन्यांत रुळला तो साधारण याच सुमारास. रेगन सरकारने सकारात्मक कृतीला, म्हणजे स्त्रिया आणि अल्पसंख्याकांना भरती-बढतीत मुद्दाम वाव देण्याच्या धोरणाला, विरोध सुरू केला, तशी मनुष्यबळ विभागांनी तीच कामं नव्या नावाने आणि धंद्याच्या फायद्याची भाषा वापरून चालू ठेवली. प्रशिक्षणवर्ग वाढले. लकी स्टोअर्स या कॅलिफोर्नियातल्या सुपरमार्केट साखळीत अशाच एका वर्गात व्यवस्थापकांना स्त्रिया आणि अल्पसंख्याकांबद्दलचे रूढ समज बोलून दाखवायला सांगितलं होतं. त्या वर्गाच्या नोंदी पुढे भेदभावाच्या खटल्यात कंपनीविरुद्ध पुरावा ठरल्या आणि १९९२मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला.

यापेक्षा जास्त परिणाम झाला तो तडजोडींचा. १९९७मध्ये पब्लिक्स या सुपरमार्केट साखळीने ८ कोटी १५ लाख डॉलर देऊन स्त्रियांचा भेदभावाचा दावा मिटवला. त्याच वर्षी घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या होम डेपोनेही १० कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड केली. तिथे बायकांना गल्ल्यावर बसवलं जाई. लाकूड, नळजोडणी असे विभाग पुरुषांना मिळत आणि बढतीची वाट त्या विभागांतूनच जाई. तडजोडीनंतर कंपनीने दुकानांत संगणक ठेवले. कोणाला कोणतं काम हवं आहे, हे ज्याने त्याने स्वतः नोंदवायचं आणि मॅनेजरने त्या यादीतून माणसं पाहायची. ‘तिला रस नसेल’ असं परस्पर ठरवण्याची सोय त्यामुळे उरली नाही. सीअर्सच्या वादाला इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कोणत्याच उपायाने दिलेलं नाही.

वॉलमार्टमध्ये ही व्यवस्था नव्हती. बेटी ड्यूक्स १९९४मध्ये कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्गच्या दुकानात ताशी ५ डॉलरवर रोखपाल म्हणून लागल्या. २००१मध्ये त्यांच्यासह काही स्त्रियांनी दावा लावला आणि तो वाढत वाढत सुमारे १५ लाख स्त्रियांचा झाला. कंपनीत ताशी पगाराच्या ७० टक्के जागांवर स्त्रिया होत्या, व्यवस्थापनात मात्र ३३ टक्के. बढतीच्या कित्येक जागांची जाहिरातच होत नसे. मॅनेजर मनात असलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवी आणि जागा भरली जाई. जून २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की इतक्या दुकानांतले इतके वेगवेगळे निर्णय एका दाव्यात बांधता येत नाहीत. भेदभाव झाला की नाही, यावर तिथे निर्णय झालाच नाही. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात नेमकं दाखवून दिलं, की मॅनेजरला दिलेली मोकळीक हेच तर सर्व दुकानांतलं समान धोरण होतं.

अपंगांच्या बाबतीत चित्र थोडं उजळ आहे. वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीने २००७मध्ये साउथ कॅरोलायनातल्या अँडरसनला गोदाम उघडलं, ते एक तृतीयांश कामगार अपंग असावेत हे ठरवूनच. कामाच्या पडद्यांवर मजकूर कमी आणि चित्रं जास्त ठेवली. पगार आणि कामाची अपेक्षा सर्वांना सारखीच होती. रँडी लुइस या वरिष्ठ अधिकाऱ्याने हे धसाला लावलं. त्यांचा मुलगा स्वमग्न आहे.

२०२०नंतर जाहीर केलेल्या उद्दिष्टांचा भर मोठ्या आकड्यांवर होता: अमुक टक्के भरती, अमुक कोटींची देणगी. अशी उद्दिष्टं जितक्या लवकर जाहीर होतात, तितक्याच लवकर मागे घेता येतात, आणि झालंही तेच. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार रद्द ठरवला. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प सरकारने सरकारी कंत्राटदारांवर सकारात्मक कृतीचं बंधन घालणारा १९६५चा आदेश मागे घेतला. १९६४चा कायदा मात्र अजून जागेवर आहे. एप्रिल २०२५मध्ये आणखी एक आदेश निघाला, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. वरवर तटस्थ दिसणाऱ्या पण एका गटाला बाहेर ठेवणाऱ्या पद्धतींवर सरकारी यंत्रणांनी शक्यतो कारवाई करू नये, असा त्याचा आशय आहे. अशा पद्धती बेकायदा ठरवणारं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये एका वीज कंपनीच्या खटल्यात मांडलं होतं. शिकारीबद्दल विचारणारी चाचणी असो की खांद्यावर हात ठेवून भरलेली जागा, तिच्याविरुद्ध आता आयोगाचं बळ मिळण्याची आशा कमी आणि दाद मागायचा खर्च जिचा तिच्यावर.