वाकलेल्या पट्टीतला ताण जातो कुठे?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बायमेटलबद्दल, म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेल्या पट्टीबद्दल, नव्या पोराला हमखास सांगितलं जातं: 'बायमेटलची पट्टी वाकली की ताण सुटला. वाकतेच त्यासाठी.' ऐकायला पटतं, पण अर्धंच खरं आहे.

पितळ आणि इन्व्हार (36 टक्के निकेल असलेलं लोखंड) यांची जोडपट्टी घ्या. तापमान 100 अंशांनी वाढलं की मीटरभर पितळ जवळपास 1.9 मिलिमीटर वाढतं, इन्व्हार मात्र एक-दोन दशांशच. दोघं घट्ट चिकटलेले, त्यामुळे कुणालाच मनाजोगतं वाढता येत नाही. पट्टी इन्व्हारच्या बाजूला वळते. ताण, म्हणजे धातूच्या आत अडकलेला जोर, कमी होतो, शून्य होत नाही.

गंमत पुढे आहे. बाहेरच्या बाजूला असल्यामुळे सगळं पितळ ताणलं गेलं असेल असं वाटतं ना? सांध्यापाशी ते उलट दाबलेलं असतं, आणि बाहेरच्या पृष्ठावर खरोखरच ताणलेलं. अभियंते टिमोशेंको यांनी 1925 मध्ये हे गणित मांडलं. दोन्ही थर सारखे जाड, सारखे ताठ धरले, तर सांध्यावरचा दाब बाहेरच्या पृष्ठावरच्या खेचाच्या दुप्पट भरतो. इन्व्हारमध्ये याच्या अगदी उलटं चित्र.

म्हणूनच घरातल्या एमसीबीतली (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचमधली) पट्टी नुसती वाकवून भागत नाही. सांध्यावरचा जोर धातूच्या लवचिक मर्यादेत (जिथपर्यंत धातू पुन्हा मूळ आकारात येतो तिथपर्यंत) राहिला पाहिजे, नाहीतर गार झाल्यावर पट्टी मूळ जागी येत नाही, आणि एमसीबी भलत्याच करंटला पडायला लागतो.