ग्रूट बिअर आणि तिचा आस्वाद

ग्रूट : हॉप्सऐवजी (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) रानवनस्पती घालून केलेली बिअर. मध्ययुगीन युरोपात, विशेषतः आजच्या नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या पट्ट्यात, हा नेहमीचा प्रकार होता. वनस्पतींच्या मिश्रणालाही ग्रूटच म्हणत. ते विकण्याचा हक्क राजसत्ता सरदारांना किंवा बिशपांना देई आणि बिअर करणाऱ्याला माल त्यांच्याकडूनच उचलावा लागे. थोडक्यात, तो करच होता. ब्रूज शहरातला ग्रुटहूझ हा वाडा असा हक्क बाळगणाऱ्या घराण्याचा. तिथे आता संग्रहालय आहे. पुढे हॉप्सने बाजी मारली, त्यात चवीपेक्षा टिकाऊपणाचा वाटा मोठा : हॉप्समधली कडू द्रव्ये बिअर नासवणाऱ्या जीवाणूंना आवरतात. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाने बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी दिली.

ग्रूटमध्ये मुख्यतः तीन वनस्पती येत : बॉग मर्टल, यारो आणि मार्श रोझमेरी. पहिली भारतात होत नाही, पण तिच्याच प्रजातीतल्या एका झाडाची साल पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात कायफळ म्हणून मिळते. यारो हिमालयात उगवते. हकीम तिला बिरंजासिफ म्हणतात. मार्श रोझमेरीत लेडॉल हे विषारी द्रव्य असते. प्रमाण चुकले की डोके गरगरते, म्हणून तिच्या वाटेला न गेलेले बरे. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींची ॲलर्जी असलेल्यांनी यारोही टाळावी.

पुण्यात उंड्रीला २००९ मध्ये जागेवरच बिअर करणारी डूलाली सुरू झाली. त्यानंतर शहरात ताज्या बिअरची सवय रुजली, पण ती मुख्यतः गव्हाच्या, थंडगार बिअरची. ग्रूट नळावर मिळालीच, तर ही सवय बाजूला ठेवावी लागते. बर्फासारख्या ग्लासात ती मुकी होते. १० ते १२ अंश सेल्सियसला वास सुटतो, तेव्हा ग्लास आला की पाचेक मिनिटे तसाच राहू द्यावा. अर्धाच भरून घ्यावा, हलका फिरवावा आणि तोंड लावण्याआधी दोनदा हुंगावे. पहिल्या खेपेला ओला पाला आणि राळ जाणवते, दुसऱ्या खेपेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, भाजलेल्या पावासारखा गोडवा. पहिल्या घोटावरून मत बनवू नये. जीभ तेव्हा हॉप्सचाच कडवटपणा शोधत असते. यारोचा कडवटपणा उशिरा येतो, जिभेच्या मागे बसतो आणि सोबत तुरटपणा आणतो, काडेचिराइताच्या काढ्यासारखा, पण पुष्कळ सौम्य. हॉप्स अजिबात नसतील तर फेसही लवकर बसतो. तो दोष समजायचे कारण नाही. किंचित आंबटपणा मुरलेला असेल तर चालतो; व्हिनेगरचा झणका आला, तर ग्लास परत करावा.

आपल्याकडे रानवनस्पतींचे काम वेगळे आहे. आसामातले दिमासा लोक तांदळापासून जुडिमा ही दारू करतात. तिच्या विरजणात थेम्ब्रा या रानवेलीची साल असते, म्हणजे वनस्पती इथे आंबवण्याच्या कामात उतरते, नुसती चवीपुरती राहत नाही. जुडिमाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ पूर्ण आणि परवाना लागतो. ग्रूटबरोबर मसाला पापड मागवला, तर यारोचा वास कांदा-तिखटात हरवतो. खारे दाणे पुरतात.