हळदीचा डाग आणि कर्करोगाची बातमी

पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. तोच सदरा धुऊन उन्हात वाळत घातला की डाग फिकट होत होत उडून जातो. घरोघरी दिसणाऱ्या या दोन गोष्टी ध्यानात ठेवून ‘हळदीनं कर्करोगाच्या पेशी मरतात’ ही बातमी वाचायला हवी. दर काही महिन्यांनी ती नव्या रूपात येते आणि मोबाइलवरून गावभर फिरते. तिच्यामागे बहुतेक वेळा खरोखरच एखादा प्रयोग असतो. प्रश्न उरतो तो त्या प्रयोगात नेमकं काय मोजलं गेलं हा.

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिनचा. हळदपुडीत ते वजनानं साधारण ३ टक्के असतं. त्याच्या रेणूच्या दोन टोकांना षटकोनी कडी असतात आणि मध्ये सात कार्बन अणूंची साखळी. या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले न राहता रेणूभर पसरतात. असा रेणू ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला पिवळा दिसतो. साबण आल्कधर्मी असतो. त्याच्या सान्निध्यात रेणू हायड्रोजन आयन गमावतो, शोषणाची जागा सरकते आणि डाग लाल होतो. हळदीत चुना कालवल्यावर कुंकवाचा रंग येतो तोही असाच. उन्हात मात्र रेणूच तुटतो, म्हणून डाग उडतो.

आता प्रयोगशाळेत जाऊ. एखादं औषधी द्रव्य शरीरातल्या एखाद्या एन्झाइमला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, रोखतं का, हे पाहायला ९६ किंवा ३८४ खळग्यांची प्लास्टिकची तबकडी वापरतात. प्रत्येक खळग्यात एन्झाइम असतं आणि त्याच्या क्रियेनं चमकू लागणारं एक द्रव्य. एन्झाइम चालू असलं तर चमक वाढते, रोखलं गेलं तर वाढत नाही. यंत्र फक्त चमक मोजतं. त्यात कर्क्युमिन घातलं की गोंधळ सुरू होतो, कारण ते स्वतः प्रकाश शोषतं, स्वतः हिरवट चमकतं, आणि प्रथिनाला चिकटलं की आणखी जोरात चमकतं. यंत्राला कुठला प्रकाश कुणाचा हे कळत नाही.

हा झाला पहिला चकवा. दुसरा रासायनिक आहे. साखळीतले काही दुहेरी बंध ऑक्सिजनच्या शेजारी असल्यामुळे इलेक्ट्रॉनचे भुकेले असतात. प्रथिनांमधल्या सिस्टीन या घटकाच्या गंधकाशी ते पक्का बंध जोडू शकतात. अशानं एन्झाइम थांबतं खरं, पण कर्क्युमिन त्याच्या कुलपात किल्लीसारखं बसलं म्हणून नव्हे. ज्या प्रथिनाचं गंधक उघड्यावर सापडेल त्याला ते धरतं. शिवाय साखळीतले दोन ऑक्सिजन लोह, तांबं, जस्त यांना चिमट्यासारखे पकडतात, आणि धातूवर चालणारी एन्झाइमं मंदावतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते आधी डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवून मग खळग्यात टाकतात. तिथं त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गुठळ्या होतात, आणि एन्झाइम त्या गुठळ्यांना चिकटून निकामी होतं.

यांतल्या बऱ्याच चकव्यांवर साधे उपाय आहेत. एका खळग्यात एन्झाइम न घालता फक्त कर्क्युमिनची चमक मोजावी. दुसऱ्यात ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ घालावा. परिणाम नाहीसा झाला तर तो गुठळ्यांचा होता. तिसऱ्यात डायथायोथ्रिटॉलसारखं गंधकयुक्त संयुग जास्त प्रमाणात मिसळावं; परिणाम गेला तर कर्क्युमिन प्रथिनांचं गंधक पकडत होतं असा दाट संशय घ्यावा. शेवटी प्रकाशावर अवलंबून नसलेल्या पद्धतीनं, उदाहरणार्थ रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, तेच मोजून पाहावं.

उन्हात उडणाऱ्या डागाची गोष्ट इथं पुन्हा येते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, ३७ अंश सेल्सिअसला आणि ७.२ सामूच्या (पीएचच्या) द्रावणात, रक्तद्रव नसताना ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित झालं. रक्तद्रव मिसळलं की ते जास्त टिकतं, तरी ८ तासांत अर्धं संपतं. पेशींवरचे प्रयोग २४ ते ७२ तास चालतात. पेशी मेल्या असतील, तर त्या कर्क्युमिननं मेल्या की त्याच्या तुकड्यांनी, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

असे अनेक चाचण्यांना चकवणारे रेणू ओळखायची रासायनिक गाळणी २०१० साली बेल आणि होलोवे या संशोधकांनी मांडली. २०१७ साली कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की १२०हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध (कुणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही), प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नव्हती.

यामागे वैद्यकाचं कारणही आहे. पेशींच्या प्रयोगात साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) कर्क्युमिन वापरतात. तैवानमधल्या एका चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिली. दीड ग्रॅम हळद घातलेल्या पेलाभर दुधात कर्क्युमिन जेमतेम ४५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पावणेदोनशे पेले लागतील. आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढतात. मिरीतलं पायपरीन ही क्रिया अडवतं, म्हणून गोळ्यांत ते घालतात. पण त्याच वाटेनं बाहेर पडणाऱ्या इतर औषधांचीही पातळी त्यानं चढू शकते. २०१९ साली इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाचे रुग्ण आढळले आणि तिथल्या यंत्रणेला इशारा द्यावा लागला. आमटीतल्या चिमूटभर हळदीला हे लागू नाही. गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना सांगावंच.

इथं हळदीच्या पेटंटचा दाखला हमखास दिला जातो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं लढा दिला आणि जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावरचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झालं. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तिथं सिद्ध झालं ते इतकंच की हे ज्ञान नवं नाही. हळदीनं रोग बरा होतो का, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. पारंपरिक उपायाची खरी कदर तो नीट तपासण्यात आहे, देव्हाऱ्यात ठेवण्यात नाही.

मग मथळा बिघडतो कुठे? दोष पत्रकारांवर ढकलणं सोपं आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या पेट्रॉक समनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं, त्यांच्यामागचे शोधनिबंध आणि त्यांवरून छापलेल्या बातम्या शेजारी ठेवून तपासल्या. प्राणी किंवा पेशींवरच्या प्रयोगांबद्दलच्या पत्रकांपैकी ३६ टक्के पत्रकं माणसाबद्दल वाढवून निष्कर्ष काढणारी निघाली. पत्रकातच अतिशयोक्ती असेल तर ८६ टक्के बातम्यांत ती उतरली. पत्रक सरळ असेल तर फक्त १० टक्के बातम्यांत. म्हणजे बरीचशी फुगवणूक विद्यापीठाच्या दारातूनच निघते, आणि ते पत्रक बाहेर जाण्याआधी बहुधा संशोधकाच्या नजरेखालून गेलेलं असतं. या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. फुगवलेल्या पत्रकांना बातमीत जागा जास्त मिळाली का, हेही त्यांनी मोजलं. तसा काही पुरावा मिळाला नाही.